एका गाडीची पेट्रोल टाकी दुसऱ्या गाडीत बसवायची आहे? नवख्यांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

गोव्यात जुनी गाडी ठेवली की इंजिनाच्या आधी पत्रा जातो हे कुणाला नव्याने सांगायला नको. पण पत्र्यातही सगळ्यात गुपचूप कुजते ती पेट्रोलची टाकी, कारण ती दिसतच नाही. लोकांना वाटतं ती खालून कुजते, खरं तर बऱ्याच वेळा ती वरून जाते. टाकी आणि फ्लोअरच्या मधल्या फटीत आपली तांबडी माती जाऊन बसते, पावसाळाभर ओली राहते, मोरजी-कळंगुटसारख्या किनाऱ्याच्या गावात असाल तर वरून खारा वारा, आणि पट्ट्याखालचं रबर पाणी धरून ठेवतं ते वेगळंच. मग टाकी फुल केली की मागे पेट्रोलचा वास येतो आणि अर्धी असली की येत नाही. असं होत असेल तर टाकीचा वरचा पत्रा नाहीतर पेट्रोल भरतो तो फिलरचा रबरी पाइप गेला असं समजून चालायचं.

आता तुमच्याच मॉडेलची नवी टाकी मिळाली तर प्रश्नच नाही, तीच घ्या आणि पुढचं काही वाचू नका. रेडिएटरवाल्याकडे डाग देऊन चालणार असेल तर तेही बघा. पण टाकी चाळणीसारखी झालेली आहे, कंपनीने पार्ट बंद केलाय, आणि भंगारात त्याच मॉडेलची मिळते ती तुमच्यापेक्षा जास्त कुजलेली, असं झालं की मग दुसऱ्या मॉडेलची टाकी बसवायचा विचार येतो. काही जणांना नुसती मोठी टाकी हवी असते, कारण मारुती ८०० ला २८ लिटरची टाकी, जुन्या अल्टो-झेन-वॅगनआरला ३५ ची आणि जिप्सीला ४० ची, त्यामुळे हात शिवशिवतात. नुसत्या सात लिटरसाठी हे सगळं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण टाकी गेलीच असेल तर चला.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. टाकी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा नाही, तिच्याबरोबर फिलर पाइप, झाकण, ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचा पाइप), फ्लोट (काट्याला पातळी सांगणारा तरंगता हात), पंप, रिटर्न (उरलेलं पेट्रोल परत टाकीत आणणारा पाइप), व्हॉल्व, पट्टे असा सगळा गोतावळा असतो. नवखा माणूस भंगारवाल्याकडून नुसता डबा उचलून आणतो, चार बोल्टांवर टांगतो आणि मग महिनाभर गोतावळा जमवत फिरतो. उलटं करा. दुसऱ्या गाडीतून जे जे टाकीला चिकटलेलं आहे ते सगळं आणा, आणि आपल्या हाताने फक्त ब्रॅकेट बनवा. इंधन, हवा आणि वायर या तीन गोष्टी जुळल्या तर टाकी जुळली, पत्रा काय कुठेही वाकतो.

आधी कागद

मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने मुळात जे दिलंय आणि आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. कुजलेल्या टाकीच्या जागी तिथेच दुसरी टाकी बसवणं आणि चासी कापून डिकीत ऐंशी लिटरचा ड्रम बसवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे कुणालाही कळतं, पण तुमच्या कामाबद्दल काय म्हणतात ते आधी तुमच्या भागातल्या वाहतूक खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, जमलं तर लेखी घ्या. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी येतं, तेव्हा इन्स्पेक्टर खाली वाकून बघतो. इन्शुरन्सवाल्यालाही कळवा, न सांगितलेला बदल सापडला आणि गाडी पेटली तर क्लेम अडकायला तेवढं कारण पुरतं.

आणि टाकी मूळ जागेतच ठेवायची. मागच्या सीटखाली असेल तर तिथेच, मागच्या ॲक्सलपाशी असेल तर तिथेच. माणसं बसतात त्या भागात टाकी आणायची नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

टाकी निवडताना

जुनी टाकी काढायच्या आधी गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या आणि मापं काढा. लांबी, रुंदी, उंची तर घ्याच पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फिलर कुठल्या बाजूला आहे, तो टाकीत कुठे शिरतो, पट्टे आडवे आहेत की उभे, सायलेन्सरचा पाइप कुठून जातो, हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचे पाइप कुठे आहेत, आणि मागचा ॲक्सल खड्ड्यात आपटला की वर किती येतो. हे शेवटचं लोक विसरतात. गाडी जॅकवर असताना ॲक्सल लोंबकळत असतो आणि टाकीला भरपूर जागा आहे असं वाटतं, मग चार माणसं बसवून म्हापसा-पेडणे रस्त्यावर एक खड्डा लागला की ॲक्सल टाकीला भेटतो. म्हणून हे माप गाडी चाकांवर असताना घ्या आणि मागे माणसं बसवून पुन्हा घ्या.

सरळ उपाय म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन डोनर टाकीच्या (म्हणजे दुसऱ्या गाडीतून आणायच्या टाकीच्या) मापाचं खोकं बनवायचं आणि ते गाडीखाली धरून बघायचं. हसतील लोक, हसू दे. फिलर उलट्या बाजूला असलेली टाकी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, फिलर पाइप गाडीखालून आडवा फिरवायला गेलात तर त्याला उतार मिळत नाही, पंपावर पेट्रोल भरताना दर दोन लिटरला नोझल कटऑफ मारतं आणि मागचा माणूस हॉर्न मारतो.

पत्र्याची की प्लॅस्टिकची? नव्या बऱ्याच गाड्यांना एचडीपीई प्लॅस्टिकची टाकी असते आणि आपल्या हवेत गंजत नाही म्हणून ती फार छान वाटते. पण तिचा आकार त्या एकाच गाडीच्या पोटासाठी घडवलेला असतो, तिला डाग देता येत नाही, भोक पाडायचं नाही, तापवायचं नाही, आणि तिला खालून पूर्ण आधार लागतो, नुसत्या दोन अरुंद पट्ट्यांवर ती कालांतराने खाली पोट काढते. नवख्याने पत्र्याचीच घ्यावी. शक्यतो त्याच कंपनीची, जवळच्या मॉडेलची, कारण पाइपांची जाडी आणि वायरचे कपलर जुळायची शक्यता वाढते.

गोव्यात मिळाली नाही तर लोक चोर्ला घाटाने बेळगावला किंवा सरळ कोल्हापूरला जातात, शिवाजी उद्यमनगरात ब्रॅकेट आणि टर्निंगचं कामही त्याच फेरीत करून घेता येतं. एक फायदा असा की घाटावरच्या गाडीची टाकी बहुधा किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा चांगली निघते. घेताना टॉर्चने आत बघा, टाकी हलवून आवाज ऐका, आत पापुद्रे खुळखुळले तर ठेवून द्या. वरच्या बाजूला, पट्ट्याखाली आणि शिवणीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून बघा. वार्निशसारखा वास आला तर जुनं पेट्रोल सुकलेलं आहे, ते धुता येतं. बाहेरून ताजा काळा रंग मारलेला असेल तर मात्र संशय घ्या. आणि बिल घ्या, जुन्या पार्टचं असलं तरी.

जुनी टाकी काढणं

हे काम पावसात करू नका आणि चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात कुठल्याच गॅरेजात करायला देऊ नका, तेव्हा मेस्त्री दहा गाड्यांत एकदम हात घालून बसलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून पसरत जाते, गॅरेजच्या खड्ड्यात साचते आणि कोपऱ्यातल्या फ्रिजची किंवा पाण्याच्या पंपाची ठिणगी तिला पुरते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ झाली की ती पेटू शकते. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, भरलेलीत हवाच नसते. काम उघड्यावर करा, देवघरातला दिवा, अगरबत्ती, शेजारच्या काकांची विडी सगळं लांब. पिवळा बल्ब लोंबकळवून खाली शिरायचं नाही, बॅटरीवर चालणारा एलईडी वापरा. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर आग तरंगत पसरते.

इंजेक्शनची (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली) गाडी असेल तर आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर जातं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. टाकीला ड्रेन प्लग असेल तर उत्तम, नसेल तर हातपंपाने काढा, तोंडाने ओढायची जुनी पद्धत सोडा, फुप्फुसात गेलं तर सरळ बांबोळीला जीएमसीत भरती. पेट्रोल ज्या कॅनमध्ये काढाल तो जमिनीवर ठेवा, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर किंवा गाडीच्या मॅटवर नको, स्टॅटिकची ठिणगी पडते.

मग फिलर होज, ब्रीदर, सप्लाय, रिटर्न, वायर, सगळ्याला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा आणि फोटो काढा. टाकीखाली जॅक आणि लाकडी फळी द्या, मगच पट्टे सोडा. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी पुन्हा. नाही सुटला तर हॅकसॉने हळूहळू कापा. ग्राइंडर आणि गॅस कटर या कामात आणायचाच नाही, मेस्त्री कितीही म्हणाला की पात्रांव, काय जायना, म्हणजे मालक, काही होत नाही.

आणलेली टाकी धुणं

पंप आणि फ्लोट बाहेर काढा. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून हलवा, ओता, परत करा, वास जाईपर्यंत. मग पाण्याने काठोकाठ भरून दोन दगडांवर कोरड्या सिमेंटवर रात्रभर ठेवा. सकाळी खाली ओल दिसली तर गळती कुठे आहे ते कळलं. कंप्रेसरची हवा भरून बघू नका, टाकी फुगते आणि शिवण उघडते.

आत हलका गंज असेल तर साधं पांढरं व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवलं तर बराच सुटतो, आपलं माडाचं व्हिनेगर सोरपोतेलसाठी ठेवा. फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर लवकर काम करतं, हातमोजे आणि चष्मा घालून. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवायचं, स्वच्छ पाण्याने खंगाळायचं आणि लगेच कडक उन्हात वाळवायचं, कारण उघडा पडलेला पत्रा गोव्याच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत परत तांबूस होतो. पूर्ण सुकल्यावर थोडं पेट्रोल आत फिरवून ओतून टाका.

आतून लावायचं लायनिंग मिळतं. मी त्याच्या फार बाजूने नाही. लावायचंच असेल तर डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलेलं बघा, कारण २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि जुन्या पद्धतीचं लायनिंग त्यात मऊ पडून पापुद्रे सुटतात, ते थेट पंपाच्या जाळीत. डाग द्यायचा असेल तर रेडिएटर आणि टाक्यांचं काम रोज करणाऱ्याकडेच द्या, दारावर आलेल्या वेल्डरकडे नाही.

ब्रॅकेट

चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे तीस किलोच्या आसपास, वर टाकीचं वजन, आणि खड्ड्यात ते सगळं उसळतं. म्हणून पत्र्याच्या स्क्रूवर टाकी टांगायची नाही. चासीला मूळ जी भोकं आहेत ती वापरा आणि त्यांच्यापासून टाकीच्या कानांपर्यंत चार-पाच एमएमच्या पट्टीचे ब्रॅकेट बनवा. ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉन लॉकनट, मोठे वायसर. पट्टे वापरत असाल तर पट्टा आणि टाकीमध्ये जाड रबर हवंच, पण ते पाणी धरणारं स्पंज नको, आणि रबर बसवायच्या आधी टाकीवर अंडरकोट मारून पूर्ण सुकवा. वेल्डिंग करावंच लागलं तर टाकी गाडीपासून लांब, इंधनाचे पाइप बुच लावून बंद, वायरिंग बाजूला. ब्रॅकेट आधी, टाकी नंतर, हा क्रम बदलायचा नाही.

सायलेन्सरपासून निदान चार इंच अंतर आणि मध्ये हीट शील्ड. टाकीचा तळ चासीच्या सगळ्यात खालच्या भागापेक्षा खाली येत असेल तर ती टाकी तुमच्या गाडीची नाही, दुसरी शोधा.

फिलर आणि ब्रीदर

टाकीची अदलाबदल बहुतेक वेळा इथेच फसते. टाकीतून पेट्रोल गेलं की तेवढी हवा आत यायला हवी, आणि उन्हात पेट्रोल फुगलं की बाहेर जायला वाट हवी. दर दहा अंशाला पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं, म्हणजे पंपाच्या जमिनीखालच्या थंड टाकीतलं ४० लिटर भरून गाडी मडगावच्या दुपारी उन्हात उभी केली तर पाऊण लिटर जागा मागतं. म्हणून डोनर टाकीत वर जी हवेची जागा सोडलेली असते ती राखायची, टाकी तिरकी बसवून ती मारायची नाही.

जुन्या बऱ्याच गाड्यांना झाकणातूनच श्वास होता. नव्या टाक्यांचं झाकण बंद आणि वाफ चारकोल कॅनिस्टरमधून, म्हणजे वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यातून, इंजिनात जाते. आता बंद झाकणाची टाकी आणलीत आणि तिचा व्हेंट पाइप बुच मारून ठेवलात तर गाडी दहा-वीस किलोमीटर नीट चालते, मग उचल कमी होते, बंद पडते, दहा मिनिटांनी परत चालू. लोक कार्ब्युरेटर उघडतात, कॉइल बदलतात. झाकण उघडून बघा, फुस्स आवाज आला तर टाकीत व्हॅक्यूम आहे. पत्र्याची टाकी त्यात आत दबतेसुद्धा.

तुमच्या गाडीत कॅनिस्टर असेल तर व्हेंट त्यालाच जोडा. नसेल तर डोनरचं कॅनिस्टर आणा, ते सगळ्यात बरं. तेही जमत नसेल तर व्हेंटचा पाइप फिलरच्या तोंडापेक्षा वर नेऊन, एक वळसा देऊन, मध्ये रोलओव्हर व्हॉल्व टाकून, केबिनबाहेर आणि सायलेन्सरपासून लांब सोडा. रोलओव्हर व्हॉल्व गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर यायचं थांबवतो, डोनर टाकीवर तो बहुतेक असतोच, भंगारवाल्याने ओढून काढलेला नसला म्हणजे झालं.

फिलर होज पेट्रोलचीच हवी, रेडिएटरची होज जाडीला तंतोतंत बसते म्हणून लावतात, ती वर्षभरात लोण्यासारखी होते. फिलरचा लोखंडी पाइप चासीला वायरने अर्थ करा, दोन्हीकडे रबर आल्यामुळे तो अधांतरी राहतो आणि पेट्रोल भरताना तिथेच स्टॅटिक जमतो.

पंप आणि प्रेशर

कार्ब्युरेटरच्या गाडीला इंजिनावरचा मेकॅनिकल पंप असतो, तो टाकीतून पेट्रोल ओढतो आणि दोन ते चार पीएसआय प्रेशर देतो. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बुडलेला, तो ढकलतो, अडीच-तीन बार, म्हणजे चाळीस पीएसआयच्या आसपास. फरक दहापटीहून जास्त आहे, त्यामुळे कुठली टाकी कुठल्या गाडीत जातेय यावर सगळं अवलंबून.

कार्ब गाडीत कार्ब गाडीचीच टाकी, हे सगळ्यात सोपं, पाइप जोडा आणि मोकळे व्हा.

कार्ब गाडीत इंजेक्शनची टाकी आणलीत तर आतला पंप चालवायचा नाही. चालवलात तर कार्ब्युरेटरची पेट्रोल अडवणारी नीडल ते प्रेशर रोखू शकत नाही, पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर पडतं, पुढचं सांगायला नको. पंप मॉड्यूल, म्हणजे पंप ज्यात बसवलेला असतो तो अख्खा सांगाडा, बाहेर काढायचं, त्यातला पंप काढून त्याच जागी तळापर्यंत जाणारी साधी नळी आणि खाली जाळी बसवायची, म्हणजे तुमचा जुना मेकॅनिकल पंप नेहमीसारखा ओढेल. नळी तळाला टेकवायची नाही, बोटाच्या पेरापेक्षा थोडं कमी अंतर ठेवा, तळाला पाणी आणि कचरा बसतो. सुझुकीच्या बऱ्याच कार्ब गाड्यांना रिटर्न पाइप असतो आणि नव्या टाकीच्या मॉड्यूलला रिटर्नचं तोंडच नसतं असं होऊ शकतं. तेव्हा मॉड्यूलच्या प्लेटवर, टाकीबाहेर काढून, दुसरं तोंड ब्रेझ करून (पितळेच्या डागाने जोडून) घ्या. रिटर्न बुच मारून बंद करू नका, उन्हाळ्यात व्हेपर लॉक होऊन, म्हणजे पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन, गाडी चढावर दगा देते.

इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्शनचीच दुसरी टाकी असेल तर आधी बघा की तुमच्या गाडीचं प्रेशर रेग्युलेटर कुठे आहे. इंजिनावर असेल तर रिटर्न लाइन लागते, टाकीत असेल तर एकच पाइप पुढे जातो. दोन्ही पद्धती एकमेकींत मिसळल्या की गाडी एकतर काळा धूर सोडते नाहीतर उचलत नाही. मॉड्यूलचं भोक त्याच मापाचं असेल तर आपल्याच गाडीचं मॉड्यूल नव्या टाकीत घालणं शहाणपणाचं, फक्त टाकीची खोली मोजा, मॉड्यूल आखूड पडलं तर शेवटचे पाच-सात लिटर कधीच वापरता येणार नाहीत. ओ-रिंग नवीनच घ्या.

आणि इंजेक्शनच्या गाडीत जुनी कार्बची टाकी? नको. तिच्या आत पेट्रोल एका जागी धरून ठेवणारी वाटी नसते. कार्बच्या गाडीत फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, तेवढा वेळ निभावून नेतं, पण इंजेक्शनचा पंप वळणावर क्षणभर जरी हवा ओढायला लागला तर इंजिन झटका मारतं. चोर्ल्याच्या वळणांवर पाव टाकीत हे करून बघायची हौस नको. शिवाय हा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

होजच्या बाबतीत कंजुषी नको. कार्बसाठी जे३० आर६ (J30 R6) या प्रतीची चालते, इंजेक्शनसाठी जे३० आर९ (J30 R9) लागते, होजवर छापलेलं असतं, वाचून घ्या. इंजेक्शनला दात असलेल्या साध्या क्लिपा होज कापतात, गुळगुळीत पट्टीच्या आणा. मीटरने मिळणारा तो पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप कुठेच वापरायचा नाही, सहा महिन्यांत लाकूड होतो. जोडावर एम-सील थापणं म्हणजे काम अर्धवट सोडल्याची खूण.

काटा

टाकी बसली, गाडी चालू झाली, आणि काटा भलतंच सांगतो. फ्लोट हा बदलता रेझिस्टन्स असतो आणि प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. व्हीडीओ (VDO) या मीटरच्या कंपनीचं प्रसिद्ध माप रिकामं असताना १० ओहम आणि भरल्यावर १८०, अमेरिकन पद्धतीच्या बऱ्याच मीटरांचं बरोबर उलट, रिकाम्याला २४० आणि फुलला ३३. असे दोन एकत्र आले तर टाकी भरली की काटा खाली जातो.

म्हणून टाकी बसवायच्या आधीच, टेबलावर, दोन्ही फ्लोट मल्टिमीटरला लावा. फ्लोटचा हात खाली असताना, मधोमध आणि वर असताना किती ओहम येतात ते लिहून काढा. आकडे जवळपास असतील तर डोनरचाच फ्लोट वापरा. नसतील तर आपल्या गाडीचा फ्लोट नव्या टाकीत घालायचा प्रयत्न करा. पाच स्क्रूंची भोकं मुद्दाम वेडीवाकडी असतात, त्यामुळे कधीकधी मध्ये एक प्लेट करावी लागते, दोन्ही बाजूंना पेट्रोल चालणारं गॅस्केट. खोलीत फरक असेल तर फ्लोटचा तारेचा हात हळूच वाकवून जुळवता येतो. जुळवताना रिकाम्याचं टोक बरोबर आणा, फुलचं थोडं चुकलं तरी कुणी रस्त्यात अडकत नाही. अर्ध्यावरचा काटा कधीच बरोबर येणार नाही, टाकीचा आकार वेगळा आहे, ते सोडून द्या. काटा उगाच नाचत असेल तर आधी फ्लोटची अर्थ वायर तपासा, रंगावर बोल्ट मारलेला असतो.

इलेक्ट्रिक पंप असेल तर त्याला स्वतःचा रिले आणि फ्यूज हवा, आणि इंजिन बंद पडलं की पंप बंद पडायला हवा. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर ते करतो, मूळ वायरिंग तोडू नका. कार्बच्या गाडीला बाहेरून छोटा पंप लावला असेल तर ऑइल प्रेशर स्विचमधून वायर न्या. नुसती इग्निशनची वायर दिली तर ठोकर बसून पाइप तुटला तरी पंप पेट्रोल ओतत राहतो.

पहिलं पेट्रोल

आधी फक्त पाच लिटर. सगळे जोड कोरड्या कापडाने पुसा, गाडीखाली पुठ्ठा घाला, अर्धा तास बघा. मग इंजिन चालू, परत बघा, विशेषतः मॉड्यूलच्या कडेला आणि रिटर्नला. नंतर पंपावर जाऊन पाच-पाच लिटर भरत प्रत्येक वेळी काटा कुठे येतो ते लिहून घ्या, गर्दी नसताना, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवून. हा कागद डॅशबोर्डात ठेवा. शेवटी एकदा काठापर्यंत भरा, कारण वरची गळती फुल टाकीतच दिसते, आणि भरल्याबरोबर बांबोळीचा चढ चढून उतरा, एकदा तोंड वर, एकदा खाली, डावी-उजवी वळणं घ्या. वास आला तर थांबा, झाकण आणि ब्रीदर आधी तपासा, पत्र्याला दोष नंतर द्या.

आठवड्याने सगळे नट आणि क्लिपा पुन्हा घट्ट करा, नवं रबर दबतं. फिल्टर महिन्याभरात बदला, कितीही धुतली तरी टाकी सुरुवातीला कचरा सोडते. पावसाळ्यानंतर टाकीच्या वरच्या फटीत पाण्याचा पाइप घालून माती धुवून काढा, जुनी टाकी ज्याने खाल्ली तीच माती आहे ती.

आणि ती जुनी टाकी घरामागे माडाच्या बुंध्याशी टाकून ठेवू नका. झाकण, फ्लोट काढून एक-दोन दिवस उघड्यावर वारा लागू द्या आणि मग भंगारवाल्याला देताना स्पष्ट सांगा की ही पेट्रोलची आहे, गॅस कटर लावू नको. टाकीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं तर आणखी बरं, कारण घेणारा आणि कापणारा माणूस एकच असेल असं नाही.